वाऱ्यानं नव्हे, वाऱ्यावाचून

शोभे, तुला अटॅक आला नव्हता. तुला वारं लागलं नव्हतं, कुणाची नजर लागली नव्हती आणि तुझी वेळ तर मुळीच भरली नव्हती. आपल्याच घरच्या न्हाणीत, दार आतून लावून, नातीची दुपटी धुता धुता तू गेलीस. कारण त्या बंद खोलीत गॅसचा गिझर पेटलेला होता, आणि त्याला नीट जळायला नि तुला श्वास घ्यायला पुरेल एवढी हवा तिथे नव्हती. हे आधी लिहून टाकते. रडणं-भांडणं मागाहून. घरात इतके दिवस हे वाक्य कुणालाच चालत नव्हतं, म्हणून तुलाही सांगते.

लोकांसाठी तू माझी वहिनी, मी तुझी नणंद. पण त्याच्या कितीतरी आधी वांकिडीकडच्या आपल्या गावात, मराठी शाळेच्या एकाच बाकावर आपण बसत होतो. दादासाठी तुला मीच सुचवलं. पुढे घरात कुरबुर झाली की तू मला ऐकवायचीस, "सुजे, तूच आनलं मले ह्या घरात, आता भोग." चारचौघांत मी तुला वहिनी म्हणायचे, घरात शोभा, आणि रागात शोभे. हे सगळं लिखाण शोभे असंच होणार आहे. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. राग गेला की मी नुसती रडत बसेन.

नवऱ्याचं घर सोडून मी आदिलाबादला आले, त्या दुपारी दादा दारात उभा राहून विचारातच पडला होता. बहीण बॅग घेऊन आली म्हणजे काय समजायचं, शेजाऱ्यांना काय सांगायचं, असलं काहीतरी. तू आतून ओरडलीस, "थे काय पाहुनी हाय? आत येऊ द्या तिले. चहा गार होऊन राह्यला." बस, एवढंच. त्यानंतर कधी मला खोदून विचारलं नाहीस, कधी समजावलं नाहीस, कधी कुणाला माझी कहाणी सांगितली नाहीस. मला शाळेत नोकरी लागली, मी पलीकडच्या गल्लीत खोली घेतली, तरी संध्याकाळचा चहा तुझ्याकडेच. तहसीलीतून तू यायचीस, शाळेतून मी, आणि मग दिवसभराच्या लोकांची आपण यथेच्छ उणीदुणी काढायचो. ते उपकार नव्हते, म्हणून त्यांची परतफेडही कधी करावीशी वाटली नाही. नुसतं बरं वाटायचं.

आदिलाबादच्या थंडीबद्दल बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. तेलंगण म्हटलं की त्यांना फक्त ऊन आठवतं. आपल्याकडे सकाळी नळाच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नाहीत. तरी इतकी वर्षं अंगणातल्या बंबावर निभावलं. लाकडं ओली असली की धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे, पण तो सगळा धूर उघड्यावर निघून जायचा. यंदा पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली, ऐन थंडीत मुलगी झाली, आणि तू हट्ट धरलास की लेकीला नि नातीला अंगणातून गरम पाण्याची बादली ओढत न्यायची वेळ येऊ नये. दादानं गॅसचा गिझर आणला. नळ सोडला की भक्कन पेटायचा आणि कढत पाणी द्यायचा. तू लहान पोरीसारखी पुन्हा पुन्हा नळ सोडून पाहत होतीस.

तो बसवायला आलेला माणूस तुला आठवतो ना? तेलुगू माणूस, आपल्याशी मोडक्या हिंदीत बोलत होता. पान्याने नट आवळता आवळता म्हणाला, "अम्मा, अंदर गाली होना. गाली नै तो मुश्किल." तू पोट धरून हसलीस. "ऐक व सुजे, याले गाली पाहिजे म्हनते! देऊ का एक चांगली मराठीतली?" तोही हसला. आता तुला तेलुगू माझ्याहून चांगलं येत होतं, आयुष्य तहसीलीत गेलं तुझं. गाली म्हणजे हवा हे तुला पक्कं ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं की असला गिझर न्हाणीच्या आत बसवायचा नसतो. तरी त्यानं तो नळाच्या वर, आतल्याच भिंतीवर ठोकला आणि पुढच्या घरी निघून गेला. आपल्या घरात मात्र तो एक विनोद होऊन राहिला. कुणी आंघोळीला निघालं की तू विचारायचीस, "गाली होना का?" सगळे हसायचे. कामाची गोष्ट हसण्यावारी गेली ती अशी.

मग आपलं ते भांडण. न्हाणीला वर एकच रोशनदान, वीतभर रुंद. त्यातून गार वारा येतो म्हणून तू त्यात उशी कोंबलीस. साधीसुधी नाही, तुझ्या माहेरच्या कापसाची, मुठीत धरली तरी न दबणारी. वरून प्लास्टिक. दाराखालच्या फटीला पोतं. मी म्हटलं, गॅस जळतो तिथे हवा आत यायला आणि बाहेर जायला जागा लागते, उशी काढ. तू म्हणालीस, "अवं, रोशनदान उजेडासाठी असते. नावच रोशनदान हाय त्याचं. आता बल्ब हाय ना आतमंदी? मंग त्या भोकाचं काय काम?" दफ्तरातल्या माणसांना गप्प करायची तुझी ती सवय, ती तू माझ्यावर चालवलीस. उत्तर मला सुचलं, पण तोवर तू डाळीला फोडणी घालत होतीस.

बाळंतिणीला वारं लागू नये, हे तुझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्यापुढे कुणाचं काही चालेना. कानात कापूस, डोक्याला रुमाल, दारं बंद, खिडक्या बंद. पल्लवी म्हणाली, "आई, न्हाताना मले गरगरते व. डोकं ठणकते." तू लगेच निदान केलंस, "वारं लागलं असन कुठून तरी." आणि दाराखालचं पोतं आणखी दाबून बसवलंस. दुसऱ्या खेपेला तिला ओकारी झाली. तेव्हाही वारंच. नंतर तुझंच डोकं दुखायला लागलं, तू कपाळाला बाम चोळून ऑफिसला गेलीस, आणि येऊन प्लास्टिकवर चिकटपट्टी लावलीस. हवा नाही म्हणून डोकी दुखत होती, आणि डोकी दुखतात म्हणून तू हवा आणखी बंद करत होतीस. मी बाहेरून पाहत होते, म्हणून मला ते दिसत होतं. तू आत होतीस, लेकीच्या काळजीत.

मी दोनदा उशी काढली, दोनदा तू ती परत लावलीस. दुसऱ्यांदा जरा जोरातच बोललीस. "तुले लेकरू झालं असतं तं समजलं असतं." पल्लवी समोर बसली होती. मी चप्पल घातली आणि निघून आले. शोभे, इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्या सासरचे बोलले, गावचे बोलले, शाळेतल्या बायका आडून बोलल्या. तू कधीच बोलली नव्हतीस. दुसऱ्या दिवशी तू डब्यात डिंकाचे लाडू पाठवलेस. बाळंतिणीसाठी केलेले, त्यातले चांगले गोल निवडून. ती तुझी माफी होती, हे न कळायला मी काही परकी नाही. मी डबा धुऊन परत पाठवला, रिकामा नाही, आपल्या रीतीप्रमाणे त्यात साखर घालून. झालं. यावर आणखी बोलायचं राहिलं होतं. तू ते बोलली असतीस, मी थोडा भाव खाल्ला असता, मग आपण चहा ठेवला असता. एवढं साधं होतं ते. ते तसंच अर्धवट टाकून तू गेलीस, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

सुटीचा दिवस होता. मी आले तेव्हा पल्लवी पलंगावर पेंगत होती आणि बाळ तिच्या कुशीत इतकं गाढ झोपलं होतं की मला बरं वाटलं. दोघींच्या आंघोळी झाल्या होत्या. "आई धुनं धुऊन राह्यली," पल्लवी म्हणाली, आणि तिची जीभ जड वाटली. न्हाणीचं दार खोलीतच उघडतं, म्हणून बाळाला गारवा नको म्हणत तू ते आतून लावून घेतलं होतंस. पाण्याचा आवाज येत होता. मी हाक मारली. मग दार वाजवलं. मग दादाला बोलावलं. कडी तुटून दार उघडलं तेव्हा नळ चालूच होता, गिझर जळतच होता, आणि त्याची ज्योत निळी नव्हती, पिवळी आणि लांबुळकी झाली होती. तू भिंतीला टेकून बसली होतीस, मांडीवर अर्धं पिळलेलं दुपटं. दमून टेकलीस असंच वाटलं मला. पुढचं मी लिहिणार नाही. तुला उचलून नेलं, पल्लवीला आणि बाळालाही नेलं, एवढंच लिहिते.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं नाडी बघता बघता पहिला प्रश्न विचारला तो हा, "घर में गॅस गिझर है क्या? बाथरूम के अंदर?" दादानं मान हलवली. डॉक्टरनं लगेच पल्लवीच्या आणि त्या एवढ्याशा जिवाच्या तोंडाला ऑक्सिजन लावायला सांगितलं. त्या दोघी त्या खोलीतून आधी बाहेर आल्या, म्हणून वाचल्या. तू शेवटी गेलीस आत. दोघींच्या आंघोळींनी सगळी हवा वापरून झाल्यावर, दार लावून, कढत पाण्याचा नळ सोडून.

मी तिसरीच्या वर्गाला मेणबत्तीवर पेला उपडा घालून दाखवते. ज्योत विझते, पोरं टाळ्या वाजवतात. गिझर तसा विझत नाही, तिथेच खरी फसगत आहे. हवा कमी पडली की तो अर्धपोटी जळत राहतो, आणि अर्धपोटी जळताना एक विषारी वायू सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. नुसतं डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. दुपटी धुता धुता बाईला जरा टेकावंसं वाटतं. आता मला दर वर्षी पेल्यानंतर हेही सांगावं लागणार आहे, आणि ते सांगताना माझा आवाज नीट राहील की नाही, मला माहीत नाही.

तुला घरी आणलं तेव्हा बायका म्हणाल्या, "पाहा, चेहरा कसा गुलाबी हाय. पुण्यवान बाई, हसत गेली." शोभे, मला ओरडावंसं वाटलं. तुझा रंग सावळा. आयुष्यात कधी गुलाबी दिसली नाहीस तू, लग्नातसुद्धा नाही. तो रंग त्या वायूचा होता. डॉक्टरनं मला नंतर सांगितलं, अशा मरणात कातडी कधीकधी तशी दिसते. आणि बायका त्याला तेज म्हणत होत्या.

दादानं पाहुण्यांना सांगितलं, अटॅक आला. मी त्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "सुजा, अटॅकच राहू दे. लोक हजार गोष्टी विचारतीन." मला कळत होतं. तो गिझर त्यानंच हौसेनं आणला होता. ते वाक्य त्याच्या तोंडून निघणार कसं? माझी त्याच्याशी तेव्हा भांडायची इच्छा नव्हती. पण अटॅक म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच. धडधाकट बाई, कधी साधी गोळी खाल्ली नाही, तिला अटॅक आलाच कसा? आणि त्याचं उत्तर आपल्या चुलतकाकूकडे तयार होतं. स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात ती म्हणाली, "पोट्टी आली अन् आजीले घेऊन गेली. पांढऱ्या पायाची हाय, दुसरं काय."

आपण नवस सोडले, मुहूर्त सोडले, अंगारे-धुपारे सोडले. रोज सकाळी घरात त्रिशरण-पंचशील होतं. एवढं सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं, आणि हे एक कुठल्या फटीत राहून गेलं, मला खरंच समजत नाही. आणि ते पसरतंही कसं भराभर. बेल्लमपल्लीहून पल्लवीच्या सासूचा फोन आला, की मायलेकींना सध्या तिकडेच राहू द्या, वर्ष उलटलं की बघू. आवाजात राग नव्हता, भीती होती. पल्लवीनं फोन ठेवला आणि बाळाकडे पाठ करून झोपली. दूध पाजायची, पण तिच्याकडे बघायची नाही. एका दुपारी मला म्हणाली, "आत्या, ही झाली नसती तं आई असती का व?"

तेव्हा मी ठरवलं.

त्याच संध्याकाळी दादाला म्हटलं, तू सांग, नाहीतर मी सांगते. तो चिडला. "मेलेल्या मानसाची चूक काढू नये, सुजा. तिनं बंद केलं होतं रोशनदान. तिचं नाव खराब करू नको."

"मंग कोनाची काढायची? जिवंत लेकराची?" मी विचारलं. तो उठून अंगणात गेला. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं होतं. तुझ्या ऑफिसचे लोक, माझ्या शाळेचे, गावचे, बेल्लमपल्लीहून विहीणबाई आणि त्यांचे यजमान. विहीणबाई पल्लवीजवळ बसल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, रडल्याही. बाळाला मात्र हात लावला नाही. पल्लवीनं ते पाहिलं. मीही पाहिलं. वंदना झाली आणि एकेक जण उठून तुझ्याविषयी बोलू लागला. तू कामसू होतीस, प्रेमळ होतीस, कुणाचं मन दुखवलं नाहीस. हे शेवटचं तर साफ खोटं. तू रोज निदान चौघांचं मन दुखवत होतीस आणि त्यांना ते आवडत होतं. मग एक जण म्हणाला, नियतीपुढे कुणाचं चालतं? त्याचं बोलणं संपायच्या आत मी उठले.

शाळेतल्या स्वच्छ मराठीत बोलायचं ठरवून आले होते. तोंडातून घरचंच निघालं. "शोभा अटॅकनं नाही गेली. न्हानीत गॅस जळत होता, रोशनदानात उशी होती, दाराखाली पोतं होतं. आत हवाच नव्हती. तिनं सोताच्या हातानं सगळं बंद केलं होतं, लेकीले अन् नातीले वारं लागू नये म्हनून. मी काढायले सांगतलं, तिनं ऐकलं नाही. चूक तिची होती. अन् ही पोट्टी बी त्याच खोलीत होती. दवाखान्यात हिच्या बी तोंडाले ऑक्सिजन लावला होता. जे लेकरू आजीसंगं मरता मरता राह्यलं, त्यानं आजीले खाल्लं म्हनता तुमी? लाज नाही वाटत?"

काकूच म्हणाली, "गॅस असता तं वास आला असता. आमाले तं नाही आला कोनाले."

"वास येते थो सिलेंडरातला गॅस गळला तं," मी म्हटलं. "इथं गळला नाही, जळला. हवा नसून जळला, अन् त्याचं जे झालं त्याले वास नसते. म्हनून तं तिले समजलं नाही." मग मी तिथेच, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर उभी राहून सगळं सांगितलं. गिझर बाहेर लावा, आत फक्त पाण्याची नळी येऊ द्या. वर झरोका, खाली जाळी, दोन्ही कायम उघडी. त्यात बोळा नाही, पुठ्ठा नाही, उशी नाही. डोकं दुखलं, ज्योत पिवळी दिसली, तर नळ बंद करून आधी बाहेर या. आणि बाळंतिणीला गारठा लागला तर शाल पांघरा, भिंत बुजवू नका. श्रद्धांजलीच्या सभेत हे बोलणं शोभत नाही, हे मला कळत होतं. तुलाही आवडलं नसतं. मी तुझ्याकडे बघून आणखी जोरात बोलले.

दादा कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. तसाच, मान वर न करता म्हणाला, "खरं हाय. डॉक्टरनं मले तवाच सांगतलं होतं. मीच आनला होता थो गिझर. मीच लपवलं." त्याच्या आवाजाचा पार चुरा झाला होता. मला धावत जाऊन त्याच्याजवळ बसावंसं वाटलं.

आणि मग विहीणबाई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला, सगळ्यांसमोर लावला आणि ओरडूनच बोलायला लागल्या. त्यांच्या खाणीच्या क्वार्टरात कोळशाची धूळ येते म्हणून न्हाणीच्या खिडकीला पुठ्ठा ठोकलेला होता, आणि आत आपल्यासारखाच गिझर होता. "न्हानीत कोन हाय आता? बाबू? किती वेळ झाला त्याले? दार वाजव. अवं, वाजव म्हनते ना! आधी बाहेर काढ त्याले!" त्यांचा धाकटा मुलगा, कॉलेजात जाणारा. मग पलीकडून कुणीतरी चिडून बोलल्याचा आवाज आला, इथपर्यंत ऐकू आला. डोक्यावर साबण तसाच ठेवून बाहेर काढलं म्हणून पोरगं बोंबलत होतं. विहीणबाई खाली बसल्या, पदर तोंडाला लावला. "बोंबलू दे," फोनमध्ये म्हणाल्या, "बोंबलते म्हंजे बरा हाय. थो पुठ्ठा फाडून फेक."

त्यांनी फोन ठेवला. मग पल्लवीकडे वळल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "आन इकडे तिले." पल्लवीनं बाळ दिलं. विहीणबाईंनी तिला मांडीवर घेतलं, कानावर घट्ट बांधलेली कुंची जरा सैल केली, आणि सुनेला विचारलं, "कधी येता घरी?" पल्लवी इतके दिवस रडली नव्हती, ती तेव्हा रडली. रडता रडता तिनं बाळाचा पाय हातात धरून ठेवला होता.

काकू जेवायला थांबली नाही. न थांबो.

गिझर मी काढून टाकायला लावला आहे. दादा अजून माझ्याशी मोजकंच बोलतो, पण काल चहाला थांब म्हणाला. पल्लवी निघायची तयारी करते आहे, बाळाशी बोलते आहे, तिला उगाच रागावतेही आहे. मायलेकींचं आता ठीक होईल.

राहिलं तुझं नि माझं. लाडवांचा विषय काढत नाही. तू असतीस तर पुरता भाव खाल्ला असता, आता सोडते. पण तुझी ती चूक मी सोडणार नाही. तुझं चांगलं सांगायला गावभर लोक आहेत, ते मला सांगावं लागणार नाही. तुझ्या नातीला कळायला लागलं आणि तिनं विचारलं, आजी कशी गेली, तर मी म्हणेन, आजीनं प्रेमापोटी एक मोठी चूक केली, आणि ती चूक आजीचीच होती. कुणी ती झाकायला आलं तर मी झाकू देणार नाही. राग येऊ दे तुला. ती चूक तुझ्याकडे राहिली, तरच पोर मोकळी राहते.